बिनखिडकीचं गॅस टार्गेट: जोडणीपासून पहिल्या रनपर्यंत

मुंबईच्या पेलेट्रॉन अ‍ॅक्सेलरेटरवर शिकत होते तेव्हा टार्गेट, म्हणजे वेगवान कणांचा झोत (बीम) ज्यावर आदळवायचा ते, फॉइलच असतं, एवढंच मला माहीत होतं. धातूची पातळ फॉइल चौकटीवर बसवायची, चौकट टार्गेट लॅडरमध्ये अडकवायची आणि ती फाटू नये म्हणून श्वाससुद्धा जपून घ्यायचा. पुढे युरोपातल्या एका छोट्या, काहीशे किलोव्होल्टच्या अ‍ॅक्सेलरेटरवर कामाला गेले. तिथे पहिल्याच दिवशी टार्गेट कुठे आहे असं विचारलं, तर सहकाऱ्यानं एका रिकाम्या पितळी चेंबरवर हात ठेवला. टार्गेट म्हणजे त्या चेंबरमधली हवा काढून टाकल्यावर भरायचा वायू. पुढची सहा वर्षं मी त्याच चेंबरसोबत काढली. आपल्याकडून बाहेर जाणाऱ्या आणि कोलकात्याच्या साहा इन्स्टिट्यूटमधल्या ३ मेगाव्होल्टच्या टँडेट्रॉन अ‍ॅक्सेलरेटरवर, म्हणजे फ्रेनावर, काम करू पाहणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. मला कुणी आधी सांगितलं असतं तर माझे किमान चार महिने वाचले असते.

आधी खिडकी का नको ते समजून घ्या. वायू एका डबीत कोंडून तोंडाला पातळ फॉइल लावली (हीच खिडकी) तर काम सोपं होतं, आणि जास्त ऊर्जेच्या बीमसाठी तसं करतातही. पण ताऱ्यांमधल्या अभिक्रिया मोजायच्या तर ऊर्जा कमी लागते. २०० केव्ही (किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जेचा प्रोटॉन १ मायक्रॉन जाडीच्या निकेलमधून जाताना आपली बहुतेक ऊर्जा तिथेच घालवतो. जी उरते तीही प्रत्येक प्रोटॉनची वेगळी. शिवाय २०० मायक्रोअँपिअर बीम म्हणजे ४० वॉट उष्णता. एवढ्या उष्णतेत ती फॉइल टिकणार नाही. आणि फॉइलमधल्या अशुद्धींचे गॅमा किरण तुमच्या मोजणीत मिसळतात ते वेगळंच. म्हणून खिडकी काढून टाकायची. बीम उघड्या छिद्रातून आत येतो, त्याच छिद्रातून वायू उलटा बाहेर पळतो आणि तो पळालेला वायू पंपांनी टप्प्याटप्प्यानं ओढून घ्यायचा. एका टोकाला टार्गेटमध्ये १ मिलिबार, दुसऱ्या टोकाला अ‍ॅक्सेलरेटरच्या नळीत त्याच्या दशलक्षांशाहून कमी, आणि मध्ये कुठेही पडदा नाही.

हे प्रत्यक्षात कसं चालतं याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण इटलीतल्या ग्रान सासोचं. तिथे डोंगराखाली, सुमारे १४०० मीटर खडकाच्या आड, लुना प्रयोगाचा ४०० किलोव्होल्टचा अ‍ॅक्सेलरेटर आहे. ड्यूटेरियम आणि प्रोटॉन मिळून हेलियम-३ होण्याची अभिक्रिया त्यांनी अशाच बिनखिडकीच्या टार्गेटवर मोजली; ड्यूटेरियमचा दाब फक्त ०.३ मिलिबार होता. २०२० साली निकाल ‘नेचर’मध्ये आला आणि विश्वाच्या सुरुवातीच्या मिनिटांत किती ड्यूटेरियम उरलं असेल याचा हिशेब त्यामुळे खूप पक्का झाला. ०.३ मिलिबारमध्ये ०.०१ची चूक झाली तर निकालात तीन टक्क्यांची चूक येते. हा आकडा लक्षात ठेवा. त्याकडे पुन्हा येणार आहे.

पंपांचा हिशेब कागदावर करा

पंप मागवण्याआधी एक संध्याकाळ कागद-पेन्सिल घेऊन बसा. आमची मापं सांगते. टार्गेटचं पहिलं छिद्र ७ मिमी व्यासाचं, ४० मिमी लांब, तांब्याचं आणि पाण्यानं थंड ठेवलेलं. टार्गेटमध्ये १ मिलिबार नायट्रोजन असेल तर या छिद्रात रेणू भिंतीपेक्षा एकमेकांवरच जास्त आदळतात, म्हणजे प्रवाह चिकट असतो. त्याचं गणित केलं की छिद्राची वहनक्षमता सेकंदाला ४ ते ५ लिटर येते. म्हणजे सेकंदाला ४-५ मिलिबार-लिटर (१ मिलिबार दाबाचे ४-५ लिटर) वायू पहिल्या टप्प्यात येणार. तिथे ताशी २००० घनमीटर ओढणारा रूट्स पंप (जुळ्या फिरत्या ठोकळ्यांनी वायू ढकलणारा) आहे, म्हणजे सेकंदाला साधारण ५५० लिटर. भागाकार करा: ०.००८ मिलिबार. एका छिद्रात दाब शंभरपटीनं उतरला.

दुसरं छिद्र आम्ही १५ मिमी व्यासाचं आणि ८० मिमी लांब घेतलं. इथे दाब इतका कमी आहे की रेणू भिंतींवरच आदळत जातात, आणि गणित बदलतं: व्यासाचा घन भागिले लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये, गुणिले १२. उत्तर सेकंदाला ५ लिटर. पुढे सेकंदाला एकूण ३००० लिटर ओढणारे टर्बो पंप (अतिवेगानं फिरणाऱ्या पात्यांचे). दाब एका मिलिबारच्या १० ते १५ दशलक्षांशांच्या घरात. तिसऱ्या छिद्रानंतर आणखी एक टर्बो, की अ‍ॅक्सेलरेटरला चालेल असं निर्वात मिळतं.

आता दोन सावधगिरीच्या गोष्टी. पहिली, हे सगळं नायट्रोजनसाठी आहे. हायड्रोजन घेतला तर रेणू हलके, म्हणून पुढच्या छिद्रांची वहनक्षमता पावणेचार पट होते, आणि हलक्या वायूला टर्बो पंप नीट दाबून धरू शकत नाही. टर्बोच्या माहितीपत्रकावर हायड्रोजनचा स्तंभ वेगळा असतो, तोच बघा. दुसरी, छिद्रं सगळी एका रेषेत असल्यामुळे वायूचा काही भाग सरळ झोतासारखा पुढच्या छिद्रात शिरतो. कागदावरचा आकडा त्यामुळे प्रत्यक्षात गाठता येत नाही. आम्ही तिप्पट मोकळीक धरून पंप घेतले आणि त्याचा कधी पस्तावा झाला नाही.

याच हिशेबातून वायूचा खर्चही कळतो. सेकंदाला साडेचार मिलिबार-लिटर म्हणजे दिवसाला वातावरणाच्या दाबाचे जवळपास ३९० लिटर. नायट्रोजनचा मोठा सिलिंडर अडीच आठवडे पुरेल, तो बाहेर सोडून दिला तरी चालेल. पण हेलियम-३ किंवा समृद्ध केलेला निऑन-२२ असेल तर एकही लिटर बाहेर जाऊ देणं परवडत नाही. मग रूट्सच्या मागे तेलविरहित पंप, कंप्रेसर, शुद्धीकरणाची बाटली आणि साठवणीची टाकी लावून तोच वायू फिरवत राहायचा. कॅनडातल्या ट्रायम्फ प्रयोगशाळेत ड्रॅगन या उपकरणावर शुद्धीकरणाचं काम द्रव नायट्रोजननं थंड केलेला झिओलाइट (सच्छिद्र खनिज) करतो. उदासीन वायूंसाठी तापवलेला झिर्कोनियम गेटर (अशुद्धी शोषून घेणारा धातू) उत्तम. हायड्रोजनसाठी मात्र तो गेटर कधीही लावू नका, कारण तो हायड्रोजनच गिळतो.

जोडणी आणि सरळ रेष

जोडणी टार्गेटकडून अ‍ॅक्सेलरेटरकडे करत जा, उलट नको. आधी चेंबर आणि पहिलं छिद्र जमिनीला पक्कं करा. बीमच्या रेषेवर थिओडोलाइट (सरळ रेष बघायची दुर्बीण) लावा, छिद्रातून पाहा आणि काटछेदावर छिद्राचं मध्य आणा. मग दुसरं, मग तिसरं. दर वेळी बोल्ट आवळल्यानंतर पुन्हा बघा, कारण फ्लँज आवळताना रबर रिंग एका बाजूला जास्त दबते आणि मध्य अर्धा मिलिमीटर सरकतो. ७ मिमी छिद्रात अर्धा मिलिमीटर म्हणजे बीमचा एक काठ तांब्यावर. रूट्स पंपाची थरथर चेंबरपर्यंत येऊ नये म्हणून मध्ये लवचीक बेलो घाला. पण निर्वात झाल्यावर बेलो आखडतो आणि चेंबरला ओढतो, त्यामुळे शेवटची तपासणी पंप चालू असतानाच करायची.

पहिलं छिद्र विजेच्या दृष्टीनं वेगळं ठेवा, म्हणजे त्यावर किती बीम आदळतो ते मोजता येतं. बीम बसवताना हाच आकडा कमीत कमी करायचा असतो.

चेंबरच्या आत बंद भोकात बसणारे स्क्रू वापरायचे असतील तर मधून भोक पाडलेले घ्या. साध्या स्क्रूच्या तळाशी हवा अडकते आणि आठवडाभर थेंबाथेंबानं बाहेर येत राहते. बाहेरून कितीही शोधा, गळती सापडत नाही, कारण ती आतच असते.

गळती आणि टेफ्लॉन

लहानपणी इचलकरंजीत आमच्या कोपऱ्यावरचा सायकलवाला ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे बघायचा. हेलियम लीक डिटेक्टर तेच काम करतो, फक्त उलट्या दिशेनं: बाहेरून हेलियमचा बारीक फवारा मारायचा आणि आत कुठून शिरतो ते बघायचं. फवारा वरून खाली मारत या. हेलियम हलका, खालून सुरू केलंत तर वर चढून दुसऱ्याच जोडावर खोटी खूण देतो. टार्गेट हेलियमचं असेल तर ही तपासणी हेलियम आत भरण्याच्या आधीच पूर्ण करा, नंतर डिटेक्टर काही दिवस आतलाच हेलियम दाखवत बसतो.

त्यानंतर सगळे व्हॉल्व्ह बंद करून चेंबरचा दाब किती चढतो ते रात्रभर नोंदवा. चढ सुरुवातीला जोरात आणि मग मंदावत गेला, तर ती भिंतींतून सुटणारी पाण्याची वाफ. सरळ रेषेत चढत राहिला तर गळती आहे, परत शोधा.

एवढं का जपायचं? कारण हवेतला नायट्रोजन आत आला तर नायट्रोजन-१४ची प्रोटॉनसोबतची अभिक्रिया तुमच्या मोजणीत घुसते. मात्र २७८ केव्हीच्या तिच्या अनुनादाचा, म्हणजे ज्या ठराविक ऊर्जेला अभिक्रिया एकदम वाढते तिचा, उलटा उपयोगही आहे. बीम त्याच्या आसपास फिरवून गॅमा मोजा, आणि वायूत किती नायट्रोजन आहे ते नेमकं कळतं. आम्ही दर सोमवारी हे करायचो.

टेफ्लॉन टेपबद्दल वेगळं सांगते. एकदा आमच्या गॅमा डिटेक्टरमध्ये ६.१३ एमईव्हीला (१ एमईव्ही म्हणजे १००० केव्ही) एक रेघ दिसायला लागली. प्रोटॉन ३४० केव्हीच्या वर गेला की हमखास, खाली आला की गायब. फ्लोरिन-१९चीच खूण ती. दोन दिवस सगळं उघडून शोधलं, तेव्हा पहिल्या छिद्राच्या पाण्याच्या नळीला कुणीतरी घाईत टेफ्लॉन टेप गुंडाळलेली सापडली. तिचा सुटलेला एक धागा छिद्राच्या तोंडाशी आला होता, करंगळीच्या नखाएवढा, काठाला करपून तपकिरी झालेला. तेव्हापासून चेंबरच्या खोलीत टेफ्लॉन टेप आणायची नाही, असा नियम केला आणि टेपच्या जागी धातूचे वॉशर ठेवले.

वीज गेली तर

पहिला बीम घेण्याआधी मुद्दाम मेन स्विच पाडून बघा. टार्गेट आणि अ‍ॅक्सेलरेटर यांच्यामधला गेट व्हॉल्व्ह आपोआप मिटला पाहिजे. हे व्हॉल्व्ह दाबलेल्या हवेवर चालतात, म्हणून विजेसोबत कंप्रेसरही गेला तर काय होतं ते वेगळं तपासा; स्प्रिंगनं मिटणारा व्हॉल्व्हच घ्या. तिसऱ्या टप्प्यातल्या गेजनं ठरवलेल्या मर्यादेच्या वर दाब दाखवताच व्हॉल्व्ह मिटावा, बीम थांबावा आणि वायूचा पुरवठा बंद व्हावा. तिन्ही एकदम. रूट्स पंप त्याच्या पुस्तिकेत दिलेल्या दाबाखाली आल्याशिवाय सुरू होता कामा नये, नाहीतर तो तापून अडकतो.

हायड्रोजन किंवा ड्यूटेरियम वापरताना पंपाचं धुराडं इमारतीबाहेरच न्या. हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत हायड्रोजन पेट घेतो, आणि पंपाच्या धुराड्यात ते प्रमाण सहज तयार होतं. ड्यूटेरियमचा बीम असेल तर न्यूट्रॉनही येतात; तिथे किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्याच्या सहीशिवाय चावी फिरवू नका.

वायू भरणं, आणि शून्य

क्रम असा: मागचा पंप, रूट्स, टर्बो. मग रात्रभर सगळं तसंच चालू ठेवा. सकाळी कपॅसिटन्स गेजचं (पातळ पडदा किती वाकला त्यावरून दाब सांगणारं मापक) शून्य तपासा, गरज असेल तर लावा, आणि मगच वायू सोडा. मोटरवर चालणारा सुई व्हॉल्व्ह गेजच्या आकड्याशी जोडून दाब स्थिर ठेवायचा. हे नियंत्रण मुद्दाम सावकाश ठेवा. घाईचं नियंत्रण दाब वरखाली हेलकावत ठेवतं. वायू शिरण्याचं तोंड गेजच्या तोंडासमोर नको, नाहीतर गेजला झोताचा दाब कळतो, चेंबरचा नाही.

गेज कपॅसिटन्सचंच हवं. पिराणी गेज वायूच्या उष्णतावहनावर चालतं, त्यामुळे वायू बदलला की त्याचा आकडाही बदलतो. हेलियमला पिराणीवर विसंबून राहाल तर पूर्ण चुकाल.

माझी स्वतःची मोठी चूक इथेच झाली. एका हिवाळ्यात आम्ही ०.३ मिलिबारवर सहा आठवडे मोजलं. रात्रीच्या पाळ्या होत्या. मी पहिल्या दिवशी शून्य लावलं आणि नंतर बघितलंच नाही. खोलीचं हीटर बदललं होतं, गेजचं शून्य हळूहळू सरकत ०.०२ मिलिबारवर गेलं होतं. ०.३ मध्ये ०.०२ म्हणजे जवळपास सात टक्के. रन संपल्यावर चेंबर पूर्ण रिकामा केला तेव्हा पडद्यावर शून्याऐवजी ०.०२ दिसत होतं. माझ्या पोटात खड्डा पडला. सरकणं कधी सुरू झालं ते कुठेच नोंदलेलं नव्हतं, त्यामुळे अर्ध्याहून जास्त मोजणी टाकून द्यावी लागली. तेव्हापासून पाळी बदलताना गेजचं शून्य, वायूचा दाब आणि खोलीचं तापमान हे तीन आकडे वहीत हातानं लिहायचे, हा नियम.

दाब म्हणजे घनता नव्हे

बीमला भेटतात ते अणू, दाब नाही. १ मिलिबार आणि २० अंश सेल्सिअसला एका घनसेंटिमीटरमध्ये सुमारे २.५ गुणिले १०चा सोळावा घात इतके रेणू असतात. हायड्रोजन किंवा नायट्रोजन असेल तर अणू त्याच्या दुप्पट. पण तापमान वाढलं की तोच दाब कमी अणूंनी दिसतो. आणि छिद्राजवळ दाबच कमी असतो.

म्हणून बीम येण्याआधी चेंबरचा नकाशा काढा. आम्ही अगदी तशाच मापाचा एक जोडचेंबर बनवून घेतला, लांबीत दर दोन सेंटिमीटरला एक तोंड ठेवलं आणि प्रत्येक तोंडावर दाब आणि तापमान मोजलं. मधला भाग सपाट निघाला. छिद्राच्या दिशेनं दाब उतरत गेला आणि छिद्राच्या आतही थोडा वायू सापडला. तोही तुमच्या टार्गेटचाच भाग. ड्रॅगनवर टार्गेटची दोन तोंडं ११ सेंटिमीटर अंतरावर आहेत, पण हिशेबात धरायची लांबी १२.३ सेंटिमीटर येते, ती याच कारणानं.

बीम मोजायचा कसा? नेहमीचा फॅरडे कप (बीमची वीज गोळा करून मोजणारा) इथे फसवतो. वायूतून जाताना आयनांचा भार बदलतो, बाजूला इलेक्ट्रॉन सुटतात आणि विजेचा आकडा खोटा येतो. म्हणून उष्णता मोजायची. टार्गेटच्या शेवटी तांब्याचा ठोकळा असतो, त्याचं पुढचं तोंड हीटरनं गरम आणि मागचं थंड ठेवलेलं. बीम नसताना हे तापमान टिकवायला हीटरला, समजा, १०० वॉट लागतात. बीम आला की त्याची उष्णता मिळते आणि हीटरला ५२ पुरतात. फरक ४८ वॉट. ३०० केव्ही बीमनं वायूत ५ केव्ही गमावले असतील तर ठोकळ्यापर्यंत २९५ केव्ही पोहोचले. ४८ भागिले २ लाख ९५ हजार, म्हणजे सुमारे १६३ मायक्रोअँपिअर. हा ठोकळा गरम असल्यानं त्याच्या जवळचा वायू विरळ होतो. तापमानाचा नकाशा काढताना ठोकळा चालू ठेवा, हे विसरू नका.

शेवटचा भाग बीमच्या स्वतःच्या उष्णतेचा. बीम ज्या बारीक रेषेतून जातो तिथलाच वायू तापून बाजूला सरकतो. गेज भिंतीजवळ आहे, त्याला हे कळत नाही, आणि घनता काही टक्क्यांनी पडते. हे मोजायला अरुंद अनुनाद वापरा, निऑन-२१चा २७२ केव्हीजवळचा किंवा वरचाच नायट्रोजनचा. डिटेक्टरला शिशाची चीर लावून चेंबरच्या एकाच जागेकडे बघायला लावा आणि बीमची ऊर्जा हळूहळू बदला. ज्या ऊर्जेला शिखर येतं ती सांगते की तिथपर्यंत बीमनं किती ऊर्जा गमावली, म्हणजे वाटेत किती अणू होते. हेच ५०, १००, १५० आणि २०० मायक्रोअँपिअरवर करा. बीम वाढला की शिखर खाली सरकतं. ते आलेखावर मांडून रेषा शून्य बीमपर्यंत मागे न्या. एक अख्खा दिवस जातो, आणि तो द्यावाच लागतो.

रन संपवताना बीम आधी बंद करा, गेट व्हॉल्व्ह मिटवा, मग वायू बंद करा. चेंबर रिकामा झाला की व्हॉल्व्ह पुन्हा उघडून टार्गेट वायूशिवाय, तेवढ्याच बीमवर निदान काही तास मोजून ठेवा. छिद्रांवर जमलेल्या कार्बनचं आणि इतर मळाचं खातं त्यातूनच कळतं. पंप चालू ठेवून रात्र जाऊ द्या. सकाळी गेजचं शून्य बघा, पहिल्या दिवशीच्या आकड्याशेजारी लिहा. मगच टर्बो थांबवा आणि चेंबरमध्ये कोरडा नायट्रोजन सोडा. खोलीतली हवा सोडलीत तर तिच्यातली वाफ भिंतींवर बसते आणि पुढच्या रनला तीच रात्र पुन्हा मोजावी लागते.